दुसरा दांडा

सध्या आमच्या कॅन्टीनमध्ये पिकअप ट्रकचं वारं आहे. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली भारतात आली आणि तेव्हापासून दर दिवाळीला कुणीतरी एक जण बुकिंगच्या गोष्टी करतो. पहिला प्रश्न ठरलेला, "फोर-बाय-फोर घेतोयस ना?" दुसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: ते लावायचं कधी, आणि काढायचं कधी?

मला स्वतःला गाड्यांपेक्षा गाड्यांच्या इतिहासात जास्त रस, त्यामुळे या शनिवार-रविवारी हेच खोदत बसलो. माझं मत आधीच सांगून टाकतो. चारही चाकांना ताकद देण्याचं कोडं माणसाने शंभर वर्षांपूर्वीच सोडवलं होतं. त्यानंतरची बरीचशी अक्कल खर्च झाली ती ताकद नको तेव्हा काढून कशी घ्यायची यावर.

सुरुवात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल नावाच्या छोट्या गावात. ऑटो झाको आणि विल्यम बेसरडिच हे मेहुणे-मेहुणे तिथे मशीन शॉप चालवायचे. पुढची चाकं वळलीही पाहिजेत आणि त्यांना इंजिनाची ताकदही मिळाली पाहिजे, ही खरी गोम होती. त्यासाठीच्या सांध्याचं पेटंट त्यांनी १९०८ साली मिळवलं आणि पुढे 'फोर व्हील ड्राइव्ह ऑटो कंपनी' काढली. (नाव ठेवण्यात फार डोकं लावलं नाही, पण निदान गिऱ्हाइकाचा गोंधळ तरी होत नव्हता!) त्यांचा तीन टनी 'मॉडेल बी' ट्रक पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्याने हजारोंनी घेतला. त्या ट्रकमध्ये पुढच्या-मागच्या ऍक्सलच्या मधे एक डिफरन्शियल होतं आणि गरज पडली की ते लॉकही करता यायचं. आज जी गोष्ट महागड्या गाड्यांच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात छापतात ती ही!

हे मधलं डिफरन्शियल कशाला लागतं? बैलांची जोडी वळवताना बघितली असेल तर लगेच कळेल. आतला बैल जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरचा लांब वळसा घालून येतो. डाव्या-उजव्या चाकांचंही तसंच, म्हणून प्रत्येक ऍक्सलला डिफरन्शियल असतं. पण वळणावर पुढची चाकंही मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, हे पटकन लक्षात येत नाही. हिशोब करून बघू. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३.२ मीटर अंतर असलेली पिकअप घ्या. मागचा ऍक्सल ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय असं धरा. पायथागोरस लावला की पुढची त्रिज्या येते साधारण ८.६ मीटर. म्हणजे एका यू-टर्नमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळपास २ मीटर जास्त चालतात. दोन्ही ऍक्सल एकमेकांना घट्ट जखडलेले असतील तर हे २ मीटर जाणार कुठे? चिखलात, वाळूत, बर्फावर चाकं थोडी घसरतात आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो. मग पीळ बसतो तो शाफ्टला, गिअरच्या दातांना आणि टायरला. स्टिअरिंग जड होतं आणि गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी वागते.

आता १९४० सालात या. युरोपात युद्ध पेटलेलं आणि अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी हवी होती, तीही ताबडतोब. पहिल्या प्रोटोटाइपला मुदत ४९ दिवस. आणि वजन? फक्त १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो! (क्लायंटच्या अशा रिक्वायरमेंट्स आपल्याकडेच येतात असं नाही.) पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅंटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या हाती दिली. वजनाची मर्यादा कुणालाच जमली नाही, सैन्याला ती वाढवावी लागली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बॅंटमच्या वाट्याला त्यातल्या अगदी थोड्या आल्या, आणि हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं.

एवढ्या घाईत आणि एवढ्या कमी वजनात मधल्या डिफरन्शियलचे लाड परवडणारे नव्हते. जीपमध्ये बसवला स्पायसर कंपनीचा साधा ट्रान्सफर केस आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे. एकाने पुढचा ऍक्सल जोडायचा किंवा सोडायचा. दुसऱ्याने लो रेंज घालायची, म्हणजे चाकांवरचा जोर जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. निर्णय यंत्राने घ्यायचा नाही, ड्रायव्हरने घ्यायचा. सैन्याच्या पुस्तिकेतही स्पष्ट होतं की पुढचा ड्राइव्ह खराब जमीन, निसरडा रस्ता, चढ किंवा जड ओढकाम असेल तेव्हाच वापरा.

युद्ध संपलं आणि हाच हिशोब पिकअपमध्ये आला. डॉजने आपल्या लष्करी ट्रकवरून १९४६ साली 'पॉवर वॅगन' काढली, विलीजची फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप १९४७ साली आली. शेतं, खाणी, जंगलखातं, वीजवाहिन्या, जिथे रस्ता संपतो तिथे या गाड्या कामाला लागल्या. साधारण त्याच सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीप सुट्या भागांतून जोडायला सुरुवात केली. गंमत म्हणजे आपल्याकडे पुढे गावोगावी ज्या जीपगाड्या वडापला धावल्या, त्यातल्या बहुतेक नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. डांबरी सडकेवर पंधरा माणसं न्यायला पुढच्या ऍक्सलचा खर्च कोण करणार!

पण युद्धातून उरलेल्या जीप विकत घेतलेल्या अमेरिकन मालकांना एक नवीनच डोकेदुखी झाली. ट्रान्सफर केसचा दांडा सोडला तरी पुढची चाकं हाफ-शाफ्टला, डिफरन्शियलला आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला फरफटत फिरवत राहायची. काम काही नाही, पण झीज, आवाज आणि पेट्रोल चालूच. आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थाने १९४८ साली यावर साधा तोडगा विकायला काढला: लॉकिंग हब. खाली उतरा, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेला नॉब हाताने फिरवा, चाकं शाफ्टपासून सुटी. चिखल आला की पुन्हा उतरा, पुन्हा फिरवा. माझ्या मते फोर-व्हील ड्राइव्हच्या इतिहासात या माणसाचं नाव झाकोच्या शेजारी लिहायला हवं. त्याच १९४८ साली इंग्लंडात पहिली लॅंडरोव्हर आली. तिने हेच काम पुढच्या ड्राइव्हमध्ये एक फ्रीव्हील घालून करून बघितलं, पण ते फार वर्षं टिकलं नाही, त्यांनीही सरळ दांडाच ठेवला.

यानंतरचा एक किस्सा मला सगळ्यात जास्त आवडतो. १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी ठरवलं की ग्राहकाला उतरायचा त्रास नको. जीपने 'क्वाड्रा-ट्रॅक' आणली. शेवरोले आणि डॉजने न्यू प्रोसेसचा '२०३' हा ट्रान्सफर केस बसवला, मधल्या डिफरन्शियलसकट. आता चारही चाकं कायम चालू, दांड्याचा विचारच नको. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं! पेट्रोलचे भाव भडकले आणि या जडजंबाल यंत्रणेचा खप डोळ्यात खुपायला लागला. मग बाजारात किट आले. ते बसवून आणि वर लॉकिंग हब लावून लोकांनी आपली नवीकोरी 'फुल-टाइम' पिकअप पुन्हा 'पार्ट-टाइम' करून घेतली. कंपनीने दिलेलं फीचर ग्राहकाने स्वतःच्या पैशाने काढून टाकलं. पुढच्या काही वर्षांत कंपन्याही मुकाट्याने पार्ट-टाइमवर परत आल्या.

आज कॅन्टीनमध्ये ज्यांची चर्चा चालते त्यातल्या बहुतेक पिकअप याच वंशातल्या. दांड्याच्या जागी गोल नॉब आलाय: टू-एच, फोर-एच, फोर-एल. खाली उतरायचं काम एक छोटी इलेक्ट्रिक मोटर करते. मधलं डिफरन्शियल त्यांच्यात आजही नसतं, त्यामुळे वरचा २ मीटरचा हिशोब त्यांनाही लागू आहे. एक्सप्रेसवेवर "जास्त ग्रिप मिळते" म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर-एच लावून जाणारे महाभाग मी पाहिलेत. यंत्र बिचारं सहन करतं, बिल नंतर येतं.

उलट टोकाचे लोकही आहेत. माझ्या एका मित्राने पिकअप घेतली आणि दोन पावसाळे त्या नॉबला हातच लावला नाही, उगाच बिघडायला नको म्हणून! तिसऱ्या पावसाळ्यात मुळशीच्या पलीकडे शेतावर जाताना मागची चाकं रुतली. नॉब फिरवला तर दिवा नुसता लुकलुकत राहिला. शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. मेकॅनिकने खोलून दाखवलं, ट्रान्सफर केसवरची ती छोटी मोटर न वापरून जॅम झाली होती. आपल्या धंद्यात म्हणायचं तर, कधी रिस्टोअर करून न बघितलेला बॅकअप.

म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या किंवा वाळूच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर-एच लावून चालवावी. सील ओली राहतात, तेल सगळीकडे पोचतं. फोर-एलसाठी बहुतेक गाड्यांत थांबून न्यूट्रल करावं लागतं, ते सपाट जागी शिकून घ्या. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा, कारण मागचे नवे आणि पुढचे गुळगुळीत असले तर सरळ रस्त्यावरही दोन्ही ऍक्सलमध्ये पीळ बसत राहतो. ओढ्यातून गाडी काढली असेल तर ऍक्सलचं तेल तपासा. गरम झालेला ऍक्सल पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

आणि टू-एच करूनही दिवा जात नसेल, दांडा निघत नसेल, तर जोर लावू नका. आत पीळ बसलेला असतो. गाडी दहा-वीस फूट सरळ रिव्हर्स घ्या, 'टक्' असा आवाज येतो आणि पुढचा ऍक्सल सुटतो.