अर्धा खोपा आणि इटालियन गाडी

किहीम म्हटले की मराठी वाचकाला आठवतात नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूचे बन आणि मुंबईकरांचे बंगले. पक्षिशास्त्राच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे. १९३० साली बर्लिनहून शिकून परतलेले सालिम अली, हाताला नोकरी नसताना, पत्नी तेहमिना यांच्यासह येथे राहावयास आले आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. त्यातून निघालेला त्यांचा निबंध १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठीत पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी असले तरी खोपा विणतो तो नर. खोप्याला टोपासारखा आकार आला की तो थांबतो. माद्या येतात, आत शिरून पाहतात. एखादीला पसंत पडला तरच तो अंड्यांची खोली आणि प्रवेशाची नळी पुरी करतो. नापसंत खोपे अर्धेच लोंबत राहतात.

अपुरे काम दाखवून पसंती घेण्याची ही रीत आम्हांस एका मानवी व्यवहाराच्या संदर्भात विचार करण्याजोगी वाटते. हा व्यवहार म्हणजे अर्धवट रिस्टोअर केलेल्या जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारची विक्री. विषय हौशी श्रीमंतांचा वाटेल. पण त्याचे एक मूळ आपल्या कुर्ल्यापर्यंत येऊन पोहोचते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. फियाटशी झालेल्या करारातून पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि तीच १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याचा आरंभ १९३७ च्या फियाट ५०८ सी या गाडीत, दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हातून झाला. महायुद्धानंतर पिएरो दुझियो या उद्योजकाने याच घराण्यातले १०८९ सीसीचे इंजिन घेऊन चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्स कार काढली. तिला पिनिन फारिना यांनी अंग दिले. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी यांनी चिसितालियाची उघडी गाडी दुसऱ्या क्रमांकावर आणली. पहिली आलेली आल्फा रोमेओ मुळात तिच्या अडीचपटीहून मोठ्या इंजिनाची होती. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात चिसितालिया २०२ मांडली आणि १९७२ मध्ये ती आपल्या कायम संग्रहात घेतली. तिच्याच रक्ताची पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली आणि वयोमर्यादेच्या नियमाने रस्त्यावरून उतरली. एकीच्या वाट्याला संग्रहालय आले, दुसरीच्या वाट्याला बहुधा भंगारवाला. जपावे काय आणि मोडावे काय, हे यंत्राच्या गुणांवरच ठरते असे नाही, एवढे यावरून दिसते.

आता अशी स्पोर्ट्स कार किहीमसारख्या किनाऱ्यावर ठेवली तर काय होते ते पाहू. चिसितालियासारख्या गाड्यांचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि अंग हाताने ठोकून घडविलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. हे दोन धातू जेथे एकमेकांस टेकतात, तेथे खारट ओलावा मिळाला की बारीकशी विद्युत्‌घटमालाच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. संरक्षण गेलेल्या जागी पोलादही गंजते. वरून रंग तुकतुकीत आणि आत नळी पोखरलेली, अशी स्थिती त्यामुळे सहज संभवते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोटीतून मोटारी येऊ लागल्या आणि वडखळचा वळसा वाचला. समुद्राची हवा मात्र पूर्वीइतकीच खारी आहे.

दुरुस्ती अर्ध्यावर राहण्याची कारणेही येथेच सापडतात. गाडी उघडली की अंदाजापेक्षा अधिक गंज निघतो. पत्रा ठोकून वळण आणणारा मिस्त्री आता मुश्किलीने मिळतो. सुटे भाग परदेशातून मागवायचे तर मूळ हिशेब कोलमडतो. मग मालक गाडी विकावयास काढतो आणि तेथे नैतिक प्रश्न उभा राहतो. लांबी भरून, रंग मारून ती ‘जवळजवळ तयार’ म्हणून दाखवावी, की उघड्या पत्र्यासह, डब्यांत भरलेल्या सुट्या भागांसह जशी आहे तशी दाखवावी?

सालिम अली किहीमला खोपे पाहत होते त्याच १९३० साली, १ जुलै रोजी, आपल्याकडे वस्तुविक्रीचा कायदा अमलात आला. ग्राहकाने स्वतः पारखून घ्यावे, हे जुने इंग्रजी तत्त्व त्याच्या सोळाव्या कलमात आहे, पण अपवादांसह. विकणाऱ्यास विकण्याचा हक्क असलाच पाहिजे, असे चौदावे कलम सांगते. आणि वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असली पाहिजे, असे पंधरावे. अर्ध्या दुरुस्त गाडीच्या बाबतीत ही दोन्ही कलमे नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात.

हक्काचा प्रश्न किती गुंतू शकतो याचे उदाहरण म्हणजे १९५४ ची फेरारी ३७५ प्लस. १९५८ पासून ती अमेरिकेतील ओहायोच्या एका मालकाकडे मोडक्या अवस्थेत पडून होती. १९८० च्या दशकात ती तेथून चोरीस गेली आणि बेल्जियममध्ये पोहोचून तिची पुनर्बांधणी झाली. तिचे काही मूळ भाग मात्र ओहायोतच राहिले. गाडी एका खंडात आणि तिचे अवयव दुसऱ्या खंडात, अशा स्थितीत वाद वर्षानुवर्षे चालला. जून २०१४ मध्ये इंग्लंडात गुडवुड येथे ती एक कोटी पौंडांहून अधिक किमतीस लिलावात गेली, तरी त्यानंतरही कज्जे थांबले नाहीत. दुरुस्ती उत्तम झाल्याने मालकी शुद्ध होत नाही, हा त्यातला धडा.

याउलट, फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात १९६१ ची एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर एक कोटी साठ लाख युरोंच्याही वर गेली. ती फ्रान्समधल्या एका शेतघराच्या पडवीत जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडलेली सापडली होती आणि धुळीसकटच विकली गेली. ग्राहकाने किंमत मोजली ती तिच्या न बिघडवलेल्या भूतकाळाची. आपल्याकडेही जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतील विंटेज नोंदणी देऊ केली, ती गाडी मूळ स्वरूपात असेल आणि तिच्या चॅसी, बॉडी वा इंजिनात भरीव बदल नसेल या अटीवर. नवी बॉडी चढवून चकचकीत केलेली गाडी या अटीत बसेल काय, हा प्रश्न विकणाऱ्याने सौद्याआधीच स्वतःस विचारावा.

सुगरणीचा दाखला फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. पक्ष्याला लबाडी ठाऊक नाही, आणि म्हणून प्रामाणिकपणाचे श्रेयही त्याला देता येत नाही. तरी एक गोष्ट खरी, की अर्ध्या खोप्यात वीण उघडी असते. अर्धी गाडीही तशीच असते. तिच्यात जोड दिसतो, ठिगळ दिसते, कोणत्या नळीला वेल्डिंग झाले ते दिसते. पूर्ण रंगविलेल्या गाडीपेक्षा तिच्याविषयी खोटे बोलणे अवघड, आणि हाच तिचा गुण आहे. विकणाऱ्याने तो झाकून टाकू नये. काय काढले, काय बदलले, काय उरले याची यादी द्यावी, कामाची छायाचित्रे द्यावीत, चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक कागदांशी ताडून दाखवावेत. आणि काढून ठेवलेला गंजका मूळ पत्रासुद्धा फेकून न देता गाडीबरोबर द्यावा. पुढचा कारागीर नवा पत्रा घडविताना त्याच्याच वळणावर हात ठेवील.