शिफारशीचे काम

आपल्या ज्ञातीतील काही तरुण उद्योजकांना सध्या एक प्रश्न पडलेला दिसतो. दर आठवड्यास पहाटे जमून परस्परांस गिऱ्हाइके मिळवून देणाऱ्या मंडळांची वर्गणी भरावी की न भरावी? इव्हान मिस्नर यांनी 1985 साली कॅलिफोर्नियात काढलेल्या बीएनआय या संस्थेच्या शाखा आता आपल्या शहरांतही आहेत. एका शाखेत एका धंद्याचा एकच सभासद, हा तिचा नियम. मी पडलो शाळामास्तर. धंद्यातले मला काय कळणार! परंतु आयुष्यभर इतिहास शिकविल्यामुळे एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही.

1727 साली फिलाडेल्फिया येथे बेंजामिन फ्रँकलिन या तरुण मुद्रकाने ‘जंटो’ नामक मित्रमंडळ स्थापिले. दस्तऐवजांच्या नकला करणारा लेखनिक, मोजणीदार, जोडे करणारा, सुतार, व्यापाऱ्याचा कारकून असे त्याचे सभासद. दर शुक्रवारी सायंकाळी ते निबंध वाचीत, वादविवाद करीत. गावात कोणाचा धंदा बुडाला व तो कशामुळे, याचीही चौकशी होई. पुढे फ्रँकलिनने छापखाना थाटला, तेव्हा याच मंडळींनी त्यास कामे मिळवून दिली. ब्राइन्टनल या लेखनिकाने क्वेकर पंथाच्या इतिहासाचे 40 ताव छापण्याचे काम आणले. दर अगदीच हलका. तरी दिवसाला एक ताव पुरा करावयाचा, असा फ्रँकलिनचा नेम. एके रात्री जुळविलेली दोन पृष्ठे विस्कटली. सारे खिळे आपापल्या घरात टाकून, मजकूर पुन्हा जुळवूनच तो निजला!

गावात आधीच दोन मुद्रक होते. हा तिसरा टिकणार नाही, असे व्यापाऱ्यांच्या एका क्लबात बोलले गेले. तेव्हा डॉक्टर बेअर्ड म्हणाले की, मी क्लबातून घरी परततो तेव्हा हा कामात असतो आणि शेजारी उठण्यापूर्वी पुन्हा कामास लागलेला असतो. लवकरच एका व्यापाऱ्याने त्यास माल देऊ केला. फ्रँकलिनने दिलेल्या जंटोच्या पहिल्या सभासदांच्या यादीत या डॉक्टरांचे नाव नाही, हे ध्यानात घ्यावे.

1905 साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी काढलेला रोटरी क्लबही आरंभी परस्परांच्या धंद्यासाठीच होता. कोणी कोणास किती काम दिले याची नोंद ठेवीत. डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाने 1906 साली सभासद होण्यास नकार दिला तो याच कारणाने. सभासदांपलीकडे कोणाचे हित न पाहणाऱ्या क्लबात त्यास गोडी वाटेना. त्यानंतरच सेवेचा हेतू त्यात शिरला. असो.

तेव्हा वर्गणी भरण्यास माझी हरकत नाही. वर्षअखेर जमाखर्च मात्र मांडावा, आणि त्यात गेलेल्या सकाळीही धराव्यात. परंतु मिळालेल्या शिफारशीपेक्षा आपण केलेल्या शिफारशीची मला अधिक धास्ती वाटते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशाच मंडळातील एक रंगारी आपल्या शेजाऱ्याकडे पाठविला. त्याने अर्धे घर रंगवून काम टाकले. रंगारी गेला दुसऱ्या गावी, शेजारी मात्र जिन्यात भेटला की अजून या विद्यार्थ्यालाच विचारतो, “उरलेल्या भिंतींचे काय?”