नेत्रिकेची कसोटी

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. आमच्या भाच्याने आपल्या सहा इंची दुर्बिणीसाठी एक नवी नेत्रिका आणली होती. नेत्रिका म्हणजे दुर्बिणीला जिथे आपण डोळा लावतो तिथे बसवायचे भिंगांचे छोटे नळकांडे. बाजारात तिला सारे आयपीस म्हणतात. दुर्बिणीबरोबर मिळालेली जुनी नेत्रिका साधी होती, नवी बरीच महाग होती. रोझरी आणि जेवण आटोपून आम्ही सारे गच्चीवर गेलो. शनी आकाशात बराच वर आला होता. आधी जुन्या नेत्रिकेतून पाहिले, मग नवी बसवली. तिला डोळा लावताच आम्ही मोठ्याने उद्गारलो, "वा! कड्यामधली काळी फट किती स्वच्छ दिसते आहे!" भाचा क्षणभर गप्प राहिला. मग संकोचून म्हणाला, "मामा, यंदा शनीच्या कड्याची धार आपल्याकडे आहे. ते सुईसारखे बारीक दिसते. त्यातली फट आपल्या दुर्बिणीतून दिसणे शक्यच नाही."

आम्ही पुन्हा पाहिले. खरोखरच, पिवळसर गोलाच्या दोन्ही अंगांना एक बारीक रेघ तेवढी होती. ती फट आम्ही शाळेच्या पुस्तकातील चित्रात पाहिलेली होती. किमती भिंगातून ती दिसलीच पाहिजे असे मनाने ठरवले आणि डोळ्याने मनाची आज्ञा पाळली. शरमेपोटी आम्ही या विषयाचे वाचन आरंभले, तेव्हा ध्यानात आले की, नवे भिंग खरेच अधिक दाखवते की भिंगाच्या मालकाला अधिक दिसते, हा प्रश्न सतराव्या शतकात रोम आणि फ्लॉरेन्स या नगरांत मोठ्या हिरिरीने लढवला गेला होता. त्या लढ्यात राजपुत्र होते, कारागीर होते आणि आपले धर्मगुरूही होते.

दुर्बिणीच्या पुढच्या टोकाचे वस्तुभिंग दूरच्या वस्तूची लहानशी प्रतिमा नळीच्या आत तयार करते. नेत्रिका ती प्रतिमा मोठी करून डोळ्यास दाखवते. गॅलिलिओच्या दुर्बिणीत नेत्रिकेच्या जागी एकच अंतर्गोल भिंग होते. त्यातून पाहणे म्हणजे कुलुपाच्या भोकातून दिवाणखाना पाहण्यासारखे होते. १६११ साली केप्लरने तिथे बहिर्गोल भिंग वापरण्याची कल्पना मांडली. त्याने दृष्टीचा पट्टा रुंदावला, पण चित्र उलटे झाले. आणि एकेरी भिंगामुळे कडांवर रंगांची झालर व चित्राला बाक येई, तो आलाच. म्हणून नेत्रिकेत एकाऐवजी दोन-तीन भिंगे घालण्याचे प्रयोग सुरू झाले.

या प्रयोगांतील एक अग्रणी पुरुष कॅपुचिन संघाचे संन्यासी होते, हे आमच्या अनेक वाचकांस ठाऊक नसेल. आंतोन मारिया शिर्लेउस डी राइटा हे त्यांचे नाव. १६४५ साली अँटवर्प येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी तीन भिंगांच्या नेत्रिकेची दुर्बीण लोकांपुढे आणली. त्या नेत्रिकेत चित्र सुलटे दिसे. 'ऑब्जेक्टिव्ह' आणि 'ऑक्युलर' हे आज जगभर चालणारे शब्दही त्यांच्याच लेखणीतून रूढ झाले. पण याच राइटा यांनी १६४२ च्या अखेरीस कोलोन येथे गुरू ग्रहाजवळ पाच नवे ठिपके पाहिले आणि गुरूचे पाच नवे चंद्र सापडले असे जाहीर केले. हे चंद्र त्यांनी पोप उर्बन आठवे यांच्या नावाला वाहिले. दुर्दैवाने ते चंद्र नव्हते. कुंभ राशीतील साधे तारे होते. गुरू पुढे सरकला, तारे जागच्या जागी राहिले. गासेंदी या फ्रेंच धर्मगुरूंनीच ही चूक दाखवून दिली. राइटा यांची दुर्बीण वाईट नव्हती, त्यांची निष्ठाही खोटी नव्हती. आपल्या उत्तम साधनातून काही नवे दिसलेच पाहिजे, ही ओढ तेवढी होती. गच्चीवरच्या आमच्या त्या उद्गारानंतर त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला उरलेला नाही.

त्यानंतर वाद पेटला तो शनीवरून. १६१० मध्ये गॅलिलिओला शनी तीन गोलांचा दिसला. १६१२ मध्ये बाजूचे दोन्ही गोल नाहीसे झाले आणि तो चकित झाला. पुढे कोणी त्याला कान काढले, कोणी मुठी काढल्या. १६५९ साली हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्स याने ग्रंथ लिहून सांगितले की, शनीभोवती एक पातळ, सपाट, त्याला कुठेही न चिकटलेले कडे आहे. धार आपल्याकडे वळली की ते अदृश्य होते. रोममधील नामांकित दुर्बीणकार एउस्ताकिओ दिविनी यास हे पटले नाही. आपल्या दुर्बिणी जगात श्रेष्ठ असताना त्यांतून जे दिसत नाही ते परक्याला कसे दिसले, असा त्याचा रोष होता. दिविनीला लॅटिन येत नसल्यामुळे त्याच्या नावाने उत्तर लिहिले ते रोममध्ये राहणारे फ्रेंच येशूसंघीय फादर ऑनोरे फाब्री यांनी. त्यांचे म्हणणे असे की, कडे वगैरे काही नाही. शनीच्या मागे काही काळोखे आणि काही उजळ गोल फिरत असतात, त्यांच्या लपंडावामुळे हे आकार दिसतात. हायगेन्स कोपर्निकसचा अनुयायी होता, आणि गॅलिलिओवरील १६३३ च्या खटल्याची आठवण अजून ताजी होती. त्यामुळे हा वाद नुसत्या भिंगांचा राहिला नाही.

दोन्ही ग्रंथ एकाच पुरुषाला अर्पण केलेले होते. तो म्हणजे फ्लॉरेन्सचा राजपुत्र लिओपोल्दो दे मेदिची. त्याच्या आश्रयाने १६५७ साली 'आकादेमिया देल चिमेंतो' ही विद्वत्सभा स्थापन झाली होती. 'चिमेंतो' या शब्दाचा अर्थच मुळी कसोटी. १६६० मध्ये राजपुत्राने हा तंटा सभेपुढे ठेवला. सभासदांनी जे केले ते आजही वाचावे असे आहे. हायगेन्सच्या मताप्रमाणे कड्यासह एक शनी आणि फाब्रींच्या मताप्रमाणे गोलांसह दुसरा शनी अशा प्रतिकृती त्यांनी करवून घेतल्या, लांबच लांब दालनाच्या टोकाला ठेवल्या आणि मशालींच्या उजेडात दुसऱ्या टोकाकडून दुर्बिणींनी पाहिल्या. चांगल्या दुर्बिणीतून पाहिल्या, तशा सामान्य दुर्बिणीतूनही पाहिल्या. पण सभासदांना या वादाची इत्थंभूत माहिती होती. स्वतःच्याच डोळ्यांवर त्यांचा भरवसा बसेना. म्हणून ज्यांना या प्रकरणाची काडीमात्र कल्पना नव्हती अशा सामान्य, अशिक्षित माणसांना त्यांनी बोलावले आणि एवढेच सांगितले, की काय दिसते ते काढून दाखवा. हलक्या दुर्बिणीतून कड्याचा शनी पाहणाऱ्यांनी मध्ये एक गोल आणि दोन बाजूंना दोन सुटे चेंडू काढले. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी गॅलिलिओने जे पाहिले तेच! कडे खरे असूनही कमकुवत भिंगांतून ते गोलांसारखे दिसते, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

सभेने निकाल छापला नाही. पत्राने हायगेन्सला कळवला. येशूसंघीय विद्वानाचा जाहीर पाडाव करण्याची कोणाला घाई नसावी, असे आम्हांस वाटते. पण फादर फाब्री यांनी १६६५ साली आपल्या ग्रंथात कडे असल्याचे मान्य केले. चूक छापून आली होती, कबुलीही छापून आली. हे औदार्य आमच्या वाचनात फार क्वचित येते.

तोवर रोममध्ये दिविनीला एक तरुण प्रतिस्पर्धी उभा राहिला होता. जुझेप्पे कांपानी हा मूळचा स्पोलेतोजवळच्या खेड्यातला. तिघे भाऊ, त्यांतला मात्तेओ धर्मगुरू. पोप अलेक्झांडर सातवे यांना रात्री झोप येत नसे आणि घड्याळाची टिकटिक सहन होत नसे. त्यांच्यासाठी या भावांनी आवाज न करणारे रात्रीचे घड्याळ बनवले आणि त्यांचे नाव झाले. पुढे जुझेप्पे भिंगांकडे वळला. त्याची तीन भिंगांची नेत्रिका वाखाणली जाऊ लागली. मग १६६३ पासून दिविनी आणि कांपानी यांच्या दुर्बिणींचे जाहीर मुकाबले सुरू झाले. 'पारागोनी', म्हणजे तुलना, असे त्यांस म्हणत. रात्री दूरवर छापील कागद टांगायचा, त्यावर दिव्यांचा उजेड पाडायचा आणि दोन्ही दुर्बिणींतून कोणाला किती बारीक अक्षर वाचता येते ते पाहायचे.

इथेही तीच अडचण आली. कागदावर अर्थपूर्ण मजकूर असला की पाहणारा दोन अक्षरे ओळखून उरलेला शब्द अंदाजाने पुरा करी आणि प्रामाणिकपणे सांगे की, वाचला! आपल्या देवळात प्रार्थनापुस्तक उलटे धरूनही 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हणणारी आजीबाई आठवावी. म्हणून चिमेंतोच्या मंडळींनी लहान होत जाणाऱ्या टायपात, अर्थाने ओळखता येणार नाही अशी अक्षरे कागदावर छापून घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर जो तक्ता असतो त्यातही अक्षरांची अशीच निरर्थक मांडणी असते.

आमचे मत विचाराल तर या कसोटीतही एक उणीव होती. पांढऱ्यावर काळे अक्षर वाचणे वेगळे आणि ग्रहावरील फिकट पट्टा फिकट पार्श्वभूमीवर ओळखणे वेगळे. ग्रह पाहताना नेत्रिकेच्या काचांत प्रकाश विखुरला की पट्टे धुऊन जातात. अक्षरे मात्र तरीही वाचता येतात. अखेरचा निवाडा आकाशातच व्हायला हवा होता, आणि तसा तो झाला. कांपानीने १६६४ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्याच्या चित्रात शनीच्या कड्याचा बाहेरचा भाग आतल्या भागाहून मंद दाखवला आहे. येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेला, बोलोन्याचा प्राध्यापक जोव्हान्नी कास्सिनी याने त्याच वर्षी कांपानीच्या दुर्बिणीतून गुरूच्या बिंबावरून सरकणाऱ्या चंद्रांच्या सावल्या पाहिल्या. १६६५ साली त्याने गुरू स्वतःभोवती ९ तास ५६ मिनिटांत फिरतो असे काढले, १६६६ साली मंगळ २४ तास ४० मिनिटांत. आजचे आकडे यांपासून अनुक्रमे एका आणि तीन मिनिटांच्या आतबाहेर आहेत. १६६९ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे शनीचे चार चंद्र त्याला सापडले, आणि १६७५ साली कड्यामधली ती काळी फट; जी आम्ही २०२५ मध्ये 'पाहिली'.

कांपानी आपल्या कामाची रीत कोणाला सांगत नसे. १७१५ मध्ये तो वारला. पुढे १७४७ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्याचा सारा कारखाना विकत घेऊन बोलोन्याच्या विज्ञानसंस्थेला दिला. पोपपदावर येण्यापूर्वी ते त्याच नगराचे आर्चबिशप होते. अभ्यासकांनी ती अवजारे तपासली. जादू म्हणावी असे काही निघाले नाही. उत्तम काच निवडणे आणि दमाने घासणे, एवढेच.

नेत्रिका सुधारत गेल्या. व्हिएन्नाच्या प्लॉसलने १८६० मध्ये जोडभिंगांच्या दोन जोड्यांची नेत्रिका बनवली. भाच्याची जुनी नेत्रिका त्याच वंशातली. १८८० मध्ये जर्मनीच्या आब्बेने रचलेली नेत्रिका ग्रह पाहणाऱ्यांची अजूनही लाडकी आहे, कारण तिच्यात काचेचे पृष्ठभाग थोडे. डोळ्यामागचे मन मात्र होते तिथेच राहिले. रोमच्या येशूसंघीय वेधशाळेत फादर आंजेलो सेक्की यांनी १८५८ साली मंगळाची सुरेख चित्रे काढली आणि त्यावरील एका काळ्या पट्ट्याला 'कानाले' म्हटले. १८७७ मध्ये मिलानच्या स्कियापारेल्ली यांना तिथे रेषांचे जाळे दिसले, आणि पुढे अमेरिकेत लोवेल यांनी तर मंगळवासीयांनी खोदलेले कालवेच ठरवून टाकले. १९०३ साली मॉन्डर आणि एव्हान्स यांनी ग्रीनिच येथील एका शाळेत मुलांपुढे रेषा नसलेले मंगळाचे चित्र टांगले आणि उतरवून काढायला सांगितले. बरोबर मधल्या अंतरावर बसलेल्या पुष्कळ मुलांनी सरळ रेषा काढल्या. चिमेंतोच्या दालनातील ती अशिक्षित माणसे आणि ही शाळकरी मुले यांच्यात जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर आहे.

हे सारे वाचून झाल्यावर भाच्याने आणि आम्ही घरच्या घरी एक 'पारागोनी' केली. दोन्ही नेत्रिकांना बाहेरून सारखी काळी चिकटपट्टी गुंडाळली, वर्धन शक्य तितके जुळवून घेतले आणि कोणती केव्हा बसवली ते भाच्याने चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले. पाहायला बसवले आमच्या मातोश्रींना. त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, आणि शनीला कडे असते हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नव्हते. त्यांनी वहीच्या पानावर पेन्सिलीने एक मणी काढला आणि त्यातून आरपार गेलेली सुई. दोन्ही वेळा तेच चित्र. कोणत्या खेपेला अधिक स्वच्छ दिसले असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या." भाच्याने चिठ्ठी उघडली. दुसऱ्या खेपेला जुनी नेत्रिका होती. त्याने नवी नेत्रिका पुसून डबीत ठेवली आणि डबीवर किमतीची जी चिठ्ठी चिकटवलेली होती ती नखाने खरवडून काढली.