जुनी इमारत म्हणजे धोकादायक इमारत? मुंबईच्या आर्ट डेको घरांचं उदाहरण

मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोरच्या गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती प्रामुख्याने १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. पण यातल्या अनेक इमारतींत आजही कुटुंबं राहतात. त्यामुळे त्या टिकवणं म्हणजे राहती घरं सुरक्षित ठेवणं.

इमारत खराब कशी होते?
या इमारती आरसीसीच्या, म्हणजे काँक्रीट आणि लोखंडी सळ्यांच्या. भेगांतून पाणी आणि खाऱ्या हवेतले क्षार आत शिरले की सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं आणि स्लॅबचे पोपडे पडतात. वरून नुसतं प्लास्टर केलं तर आतला गंज वाढतच राहतो.

मग दुरुस्ती कशी करतात?
आधी गळती बंद करतात. मग पोकळ झालेलं काँक्रीट काढून सळ्या साफ करतात, झिजलेल्या जागी नव्या घालतात, गंजरोधक लेप देतात आणि पॉलिमर मॉर्टरने भाग पुन्हा भरतात. कमकुवत खांबांना जॅकेटिंग करतात.

काय बदलावं, काय नाही?
वायरिंग, पाइप, लिफ्ट, आगीपासून बचावाची यंत्रणा यांत सुधारणा हवीच. पण खिडक्यांवरचे लांब छज्जे केवळ शोभेचे नाहीत. ते ऊन आणि पाऊस अडवतात. ते तोडले तर घर तापतं आणि भिंतीला ओल येते. बाल्कनी बंद केल्याने वारा अडतो. वारसा क्षेत्रात बाहेरचं रूप बदलण्याआधी महापालिकेची परवानगीही लागते.

अडतं कुठे?
खर्चावर. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने अनेक घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. तुटपुंज्या भाड्यात मोठी दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालक ती टाळतात, आणि घर आपल्या मालकीचं नाही म्हणून भाडेकरूही पैसे घालायला कचरतात. दरम्यान गंज वाढतो आणि खर्चही.

तुमच्या सोसायटीसाठी
आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा, तर त्याहून जुन्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं. पुनर्विकासाचा ठराव मांडण्याआधी हा अहवाल सर्व सभासदांनी वाचावा. इमारत दुरुस्त होऊ शकते का आणि किती खर्चात, हे तिच्या वयावरून नाही, तर अहवालावरूनच कळतं.