संताजींची वही

माउली, तुकोबारायांचा गाथा हाती आला की आपण तो आधी कपाळाला लावतो, मग उघडतो. हा गाथा कागदावर उतरवताना कोणाचे हात झिजले, हे मात्र क्वचितच मनात येते. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी दोघांची नावे त्यासाठी घेतात: गंगाजी मवाळ आणि चाकणचे संताजी जगनाडे. एक ब्राह्मण, दुसरा तेली. दोघे एकाच कीर्तनात मागे उभे राहत आणि तेच शब्द टिपत. सतराव्या शतकातल्या गावगाड्यात ही गोष्ट लहान नव्हती.

संताजींचे घर घाण्यावरचे. चालता घाणा पाहिलेले वाचक आता थोडेच उरले असतील. डोळ्यांना झापडे बांधलेला बैल दिवसभर त्याच रिंगणात फिरतो. कोसच्या कोस चालतो आणि कुठेच पोचत नाही. दाणा चिरडतो, तेलाची धार बारीक पडते. ते तेल गावाच्या फोडणीला आणि देव्हाऱ्यातल्या समईला, पेंड गुरांना. तेल काढणाऱ्याच्या वाट्याला तेलकट धोतर. परंपरेत संताजींची ओळख या घाण्यासकटच राहिली, 'संताजी तेली' म्हणून. ते हात धुऊन कोणी वेगळे झाले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

कारण लिहिण्याचे कामही घाण्यासारखेच. शब्द दुसऱ्याचे, आपले फक्त अक्षर. रात्री कीर्तन ऐकायचे, ते आठवून बोरूने उतरवायचे, आणि हे सारे कोणासाठी? जो देहूला कधी येऊ शकणार नाही त्याच्यासाठी. जो अजून जन्मलाच नाही त्याच्यासाठी. आपल्यासाठी, वाचकहो.

तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. पुढे त्याच नदीत त्यांचे अभंगही बुडवावे लागले. खते बुडाली तेव्हा कुळे सुटली; अभंग बुडाले असते तर आपण अडकून राहिलो असतो. वह्या तेराव्या दिवशी वर आल्या ही आपली श्रद्धा आहेच. पण लोकांच्या मुखातून वेचून पुन्हा लिहिणारे संताजीही त्याच आठवणीत उभे आहेत, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे मला वाटत नाही.

सरकारी खर्चाने गाथ्याची मोठी आवृत्ती 1869 ते 1873 या काळात निघाली. जगनाडे घराण्यात जपलेली वही मात्र छापून यायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे गेली. ठाण्याचे वि. ल. भावे यांनी ती 1919-20 मध्ये 'तुकारामबोवांचा अस्सल गाथा' म्हणून प्रसिद्ध केली. 'अस्सल' या शब्दावरून वाद झाले. ते अभ्यासकांनी करावेत. त्या पानांवरचे ओबडधोबड शुद्धलेखन पाहावे. तिथे पंडिताचे व्याकरण नाही, कानाने ऐकलेले बोल आहेत.

संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तिथली कथा अशी: देह ठेवल्यावर कितीही माती लोटली तरी त्यांचा चेहरा झाकेना. तेव्हा वैकुंठाला गेलेले तुकोबा दिलेल्या शब्दाप्रमाणे परत आले आणि त्यांनी आपल्या हाताने मूठमाती दिली.