मालाडची खोली, बोरिवलीची स्प्रिंग

गेले तीन शनिवार आमच्या घरात सोल्डरचा वास आहे. त्याचं कारण सांगतो, पण त्यासाठी आधी १९४९ सालच्या मालाडला जावं लागेल. बोरिवलीहून स्लो पकडली तर कांदिवलीनंतरचंच स्टेशन, फार लांब नाही!

'महल' आला तेव्हा लताबाई २० वर्षांच्या होत्या. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, दिग्दर्शक कमाल अमरोही, निर्मिती बॉम्बे टॉकीजची. 'आएगा आनेवाला' तुम्ही ऐकलंच असेल. नसेल तर आधी ऐकून या, मी थांबतो. सुरुवातीला ठेका नाही. एक बाई कुठून तरी लांबून गातेय, आणि गाता गाता जवळ येतेय. अंगावर काटा येतो तो तिथे.

हे कसं केलं असेल? आज आपण लॅपटॉपवर प्लगइन लावू आणि माउसने एक रेघ वर ओढू. १९४९ साली मालाडमध्ये यातलं काहीच नव्हतं. लताबाईंनी नंतर मुलाखतींत सांगितलं ते इतकंच: माइक खोलीच्या मधोमध ठेवला होता, त्या कोपऱ्यातून गायला सुरुवात करायच्या आणि गात गात माइककडे चालत यायच्या. बस्स! पाय हेच उपकरण.

इतकी वर्षं मी हा किस्सा 'जुन्या लोकांचा जुगाड' म्हणून सांगत आलो. तो जुगाड नव्हता, हे मला गेल्या महिन्यात कळलं. तेही स्वतःच्या चुकीमुळे.

झालं असं. माझ्याकडे एक सेकंडहँड व्हॉल्व्ह ॲम्प आहे, कुणीतरी हाताने बांधलेला. सर्किट फेंडरच्या साठच्या दशकातल्या एबी७६३ वरून जसंच्या तसं उचललेलं. आत एक लांबट पत्र्याचा डबा, त्यात दोन स्प्रिंगा टांगलेल्या. गिटारचा सिग्नल एका टोकाने स्प्रिंगेत शिरतो, थरथरत दुसऱ्या टोकाला पोचतो, आपटून परत फिरतो, पुन्हा येतो. त्यातून जो घुमारा तयार होतो तो रीव्हर्ब. (ॲम्प जोरात हलवलात तर ढगफुटी झाल्यासारखा आवाज येतो. शेजाऱ्यांची एकदा माफी मागून झाली आहे.)

या स्प्रिंगांचा इतिहास मजेदार आहे. अमेरिकेत बेल लॅब्जमधले लोक लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनमध्ये आवाजाला होणाऱ्या उशिराचा अभ्यास करत होते. तो उशीर खोलीतल्या खोलीत तयार करायला त्यांनी स्प्रिंग वापरली. तिकडे लॉरेन्स हॅमंड इलेक्ट्रिक ऑर्गन विकत होता. लोक हौसेने ऑर्गन घरी न्यायचे आणि मग म्हणायचे, चर्चमध्ये वाजतो तसा वाजत नाही हो! वाजणार कसा, चर्च घरी आणलंय कुठे? मग हॅमंडने चर्चच स्प्रिंगेत बसवलं. १९६० च्या आसपास त्याच्या कंपनीने ही करामत साधारण १७ इंचांच्या डब्यात आणली. लिओ फेंडरने १९६१ मध्ये ती वेगळ्या पेटीत घालून गिटारवाल्यांना विकली आणि १९६३ पासून थेट ॲम्पमध्येच बसवली.

थोडक्यात, रीव्हर्ब म्हणजे आपल्याला न परवडलेली खोली. मुंबईकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको :-)

हिशेबच करू. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो (अगदी काटेकोर सांगायचं तर थोडा जास्त). या डब्यातल्या दोन स्प्रिंगांतून सिग्नल पहिल्यांदा पोचायला ३३ आणि ४१ मिलिसेकंद लागतात. म्हणजे साधारण ३७ आणि ४६ फुटांचा प्रवास. माझी बेडरूम १० बाय १२. भिंतीपर्यंत जाऊन परत यायचे २४ फूट, तेही मध्ये कपाट नसेल तर!

तर पहिल्या शनिवारी माझा विचार साधा होता. मला 'महल'सारखं लांबून यायचंय, म्हणजे जास्त रीव्हर्ब हवा. स्प्रिंगेला सिग्नल देणाऱ्या १२एटी७ व्हॉल्व्हच्या आधी ५०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर असतो. तो मुद्दाम लहान ठेवलेला असतो, म्हणजे खर्ज स्प्रिंगेत शिरत नाही. मी तिथे चौपट मोठा लावला. निकाल? जिन्यावरून स्टीलची ताटं गडगडत खाली गेल्यासारखा. खर्ज शिरला, स्प्रिंगा बेभान झाल्या, सूर चिखलात गेला. मुकाट्याने जुना कपॅसिटर परत लावला.

दुसऱ्या शनिवारी लक्षात आलं की रीव्हर्बचं बटण १० वर नेलं तरी गिटार तोंडासमोरच वाजतेय. मागे भलामोठा घुमारा, पण वाजवणारा हातभर अंतरावर. देवळाच्या गाभाऱ्यात कुणीतरी कानाशी बोलतंय असं. मग सर्किटचा कागद नीट वाचला आणि उत्तर समोरच होतं. सिग्नलला दोन वाटा फुटतात. एक स्प्रिंगेतून, ती 'ओली'. दुसरी ३.३ मेगओहमच्या रेझिस्टरमधून सरळ पुढे, ती 'कोरडी'. पुढे दोन्ही एकत्र येतात. रीव्हर्बचं बटण फक्त ओल्या वाटेवर आहे. कोरड्या वाटेवर बटणच नाही! ती कायम उघडी.

आणि इथे मला मालाड आठवलं.

खोलीत माणूस माइकपासून लांब गेला की घुमारा वाढत नाही. घुमारा खोलीभर जवळजवळ सारखाच भरलेला असतो. कमी होतो तो थेट येणारा आवाज. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो. समजा तुम्ही २० फुटांवरून अडीच फुटांवर चालत आलात. अंतर तीनदा निम्मं झालं, म्हणजे थेट आवाज १८ डेसिबलने चढला, आणि घुमारा होता तिथेच राहिला. कानाला 'लांब' आणि 'जवळ' कळतं ते या दोघांच्या प्रमाणावरून. मी तीन आठवडे चुकीचं बटण पिळत होतो. मालाडमध्ये १९४९ साली बरोबर बटण फिरवलं गेलं होतं, आणि तेही चालत.

हे अपघाताने झालं असं मला वाटत नाही. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये उभा केलेला बॉम्बे टॉकीज हा तंत्राच्या बाबतीत पक्का स्टुडिओ होता. युरोपातून तंत्रज्ञ आणले, इथली माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली. 'महल'च्या वेळी अशोककुमारांबरोबर कंपनी सांभाळणारे सावक वाच्छा हे मूळचे ध्वनिमुद्रक! आवाजाचे कान असलेली माणसं होती ती.

तिसऱ्या शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून १ मेगओहमचा एक पॉट आणला आणि कोरड्या वाटेवर, त्या ३.३ मेगओहमच्या आधी, बसवला. एवढाच बदल. (सूचना: या ॲम्पच्या आत ४०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. ते रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय आणि मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालायचा नाही. येत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. गंमत नाही.)

नवा पॉट शून्यावर ठेवला, एक सूर लावला आणि हळूहळू फिरवला. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "बी विंगमध्ये कोण वाजवतंय रे?" पॉट पूर्ण फिरेपर्यंत ती दारात येऊन उभी होती. "अरे, तूच होय!"

तीन आठवड्यांचं सार्थक झालं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी फेंडरची दुरुस्ती करू शकलो, कारण फेंडरने कागद मागे ठेवला. प्रत्येक मॉडेलचं सर्किट उपलब्ध, पेटीच्या आत व्हॉल्व्हचा तक्ता चिकटवलेला. साठ वर्षांनी बोरिवलीतला कोणीही तो वाचू शकतो. मालाडच्या खोलीचं काय? केवढी होती, भिंती कशाच्या होत्या, कोपऱ्यापासून माइक किती पावलांवर? माझ्या हाती लागली ती फक्त गाणाऱ्या बाईंची आठवण. आणि त्या बाईंचं नावसुद्धा सुरुवातीच्या रेकॉर्डवर नव्हतं, तिथे सिनेमातल्या पात्राचं नाव होतं, 'कामिनी'. खेमचंद प्रकाश १९५० मध्ये गेले. बॉम्बे टॉकीज १९५४ च्या सुमारास बंद पडला. मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीज कंपाउंड हे नाव उरलंय, आत लहान लहान कारखाने आहेत. लताबाई २०२२ मध्ये गेल्या. आता विचारायचं कुणाला?

ऑफिसात आपण याला काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रोग्रॅम मस्त चालतो, लिहिणारा सोडून गेला, डॉक्युमेंटेशन शून्य. आणि आपण त्याला नावं ठेवतो, मग स्वतःही काही लिहून ठेवत नाही.

म्हणून काल रात्री एका कागदावर माझा बदल काढला: कुठला पॉट, कुठे जोडला, का जोडला, आणि ५०० पिकोफॅरडचा कपॅसिटर बदलू नका, मी बदलून पाहिलाय. खाली तारीख घातली आणि तो ॲम्पच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवला. नव्या पॉटच्या बटणाखाली एक पट्टीही लावलीय. त्यावर लिहिलंय, 'मालाड'.