अपहरण, न्यायालय आणि प्रेक्षकमत : एका कोरियन चित्रपटाच्या निमित्ताने

दिनांक १४ नोव्हेंबर २००७ रोजी दक्षिण कोरियात ‘सेव्हन डेज’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. वोन शिन-यॉन हे त्याचे दिग्दर्शक असून मुख्य भूमिका किम युन-जिन ह्या अभिनेत्रीने केली होती. कथेतील नायिका ही सहसा खटला न हरणारी एक फौजदारी वकील आहे. तिच्या लहान मुलीचे अपहरण होते. परंतु अपहरणकर्ता पैशाची मागणी करीत नाही. एका तरुणीच्या खुनाबद्दल खालच्या न्यायालयात दोषी ठरलेल्या इसमास सात दिवसांच्या आत वरच्या न्यायालयातून निर्दोष सोडवून आणावे, एवढीच त्याची अट असते. हा चित्रपट कोरियात सुमारे २० लाख प्रेक्षकांनी पाहिला, आणि पाहून झाल्यावर त्यांच्यात वादही पुष्कळ झाला.

वादाचा काही भाग क्षुल्लक होता. दृश्यांची कापाकापी फार वेगाची आहे, एकूण धाटणी अमेरिकन दूरदर्शन-मालिकांची आहे, असे आक्षेप घेतले गेले. नायिका ‘लॉस्ट’ ह्या अमेरिकन मालिकेतून जगाला परिचित झालेली असल्यामुळे ही तुलना आयतीच हाताशी होती. खरा मतभेद शेवटाविषयी होता. अपहरण करणारी व्यक्ती ही खून झालेल्या तरुणीची आईच होती, असे अखेरीस उघडकीस येते. आरोपी निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर तो सुटून बाहेर आला म्हणजे आपल्या हातांनी त्याला देहदंड देता यावा, म्हणून तिने हा सारा खटाटोप केलेला असतो. हा शेवट न्याय्य आहे की नाही, ह्याविषयी प्रेक्षकांत जो तट पडला, तो केवळ कथेच्या आवडीनिवडीचा नव्हता. त्याची मुळे त्या काळच्या कोरियन न्यायव्यवस्थेच्या इतिहासात आहेत.

प्रथम एका शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. मराठीत ज्याला आपण सरसकट अपहरण म्हणतो, त्यासाठी कोरियन भाषेत दोन शब्द रूढ आहेत. ‘नाप्ची’ म्हणजे बळाने ओढून नेणे. ‘युग्वे’ म्हणजे भुलवून, फसवून नेणे. दोन्ही शब्द चिनी मूळाचे आहेत. लहान मुलांच्या बाबतीत सामान्यतः दुसरा शब्द योजला जातो, आणि त्याच्या उच्चारासरशी कोरियन वाचकाच्या मनात खाऊचे आमिष, शाळेचे फाटक आणि घरातील दूरध्वनी ह्या गोष्टी उभ्या राहतात. गुन्ह्याचे नावच जेथे विश्वासघात सुचविते, तेथे त्याविषयीचा संताप काही वेगळ्याच जातीचा असणार, हे उघड आहे.

२००७ हे वर्ष ह्या दृष्टीने विलक्षण म्हणावे लागेल. ह्या एकाच वर्षात ‘युग्वे’ हा विषय घेऊन तीन महत्त्वाचे चित्रपट आले. पहिला पार्क जिन-प्यो ह्यांचा, फेब्रुवारीतला. त्याच्या नावाचा अर्थ ‘त्या माणसाचा आवाज’ असा काहीसा होईल. जानेवारी १९९१ मध्ये सोलमधील एका नऊ वर्षांच्या मुलास पळवून नेण्यात आले. अपहरणकर्ता ४४ दिवस त्याच्या आईबापांस दूरध्वनी करीत राहिला; पुढे मुलाचे प्रेत सापडले. गुन्हेगार मात्र सापडला नाही. त्या काळच्या कोरियन कायद्यानुसार खुनाच्या खटल्यासही १५ वर्षांची मुदत होती, आणि ती जानेवारी २००६ मध्ये संपली. म्हणजे चित्रपट आला तेव्हा गुन्हेगार स्वतः होऊन पोलीस ठाण्यावर गेला असता, तरी त्याच्यावर खटला चालविता आला नसता. अशा स्थितीत दिग्दर्शकाने चित्रपटाच्या शेवटी त्या माणसाचा ध्वनिमुद्रित झालेला खरा आवाज प्रेक्षकांस ऐकविला. न्यायालयाचे दार बंद झालेले असताना चित्रगृह हेच जणू चौकशीचे ठिकाण झाले. ३० लाखांहून अधिक लोकांनी तो आवाज ऐकला. त्यांच्याकडून मत अपेक्षित नव्हते. ओळख अपेक्षित होती. प्रेक्षकाला साक्षीदार करण्याचे असे उदाहरण क्वचितच आढळेल.

दुसरा चित्रपट ली चांग-दोंग ह्यांचा ‘मिर्यांग’. तो मे महिन्यात प्रदर्शित झाला आणि त्यातील भूमिकेबद्दल जॉन दो-यॉन ह्या अभिनेत्रीस कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. येथे गुन्हेगार सापडतो व शिक्षाही होते. आई धर्माकडे वळते आणि त्याला क्षमा करावी म्हणून तुरुंगात जाते. तेव्हा तो शांतपणे सांगतो, की देवाने आपणास आधीच क्षमा केलेली आहे. क्षमा करण्याचा तिचा अधिकार तिला न विचारताच कोणी वापरून टाकलेला असतो. ह्या प्रसंगाइतका भेदक प्रसंग त्या वर्षीच्या कोणत्याही चित्रपटात नाही, आणि ‘सेव्हन डेज’मध्ये तर नाहीच.

तथापि ‘सेव्हन डेज’चा प्रश्न ह्याच मालिकेतला आहे. दक्षिण कोरियात ३० डिसेंबर १९९७ रोजी २३ जणांना फाशी देण्यात आली. त्यानंतर कोणालाही नाही. कायद्यात देहदंड कायम आहे, न्यायालये तो क्वचित सुनावतात, आणि सरकार त्याची अंमलबजावणी करीत नाही. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ह्या स्थगितीस दहा वर्षे पुरी होत आली होती. शिक्षा आहे आणि नाही अशा ह्या अवस्थेत, तुरुंगाची भिंत ही गुन्हेगारास मिळालेले संरक्षणच आहे असे मृत मुलीच्या आईस वाटावे, हे कोरियन प्रेक्षकास विशेष समजावून सांगण्याची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी, २००५ साली, पार्क चान-वूक ह्यांच्या ‘लेडी व्हेंजन्स’मध्ये मारल्या गेलेल्या मुलांचे आईबाप एका बंद शाळेत जमून गुन्हेगारास पोलिसांच्या स्वाधीन करावे की स्वतः मारावे, ह्याचा निर्णय करतात. तेथे कायदा बाजूस सारला जातो. ‘सेव्हन डेज’मधील आई अधिक धूर्त आहे. ती कायद्याकडूनच आपले काम करवून घेते.

आणखी एक योग लक्षात घ्यावयास हवा. सामान्य नागरिकांना फौजदारी खटल्यांत ज्यूरी म्हणून बसविणारा कायदा कोरियात ह्याच २००७ साली संमत झाला. १ जानेवारी २००८ पासून तो अंमलात आला, आणि असा पहिला खटला फेब्रुवारीत दैगू येथे चालला. ज्यूरींचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नाही. ‘सेव्हन डेज’चा प्रेक्षक अशा रीतीने न्यायासनाच्या उंबरठ्यावर उभा होता. चित्रपटाने त्याला काय शिकविले, हे पाहण्याजोगे आहे. दोन तास तो एका खुन्याच्या सुटकेची इच्छा करीत बसतो, कारण सुटकेवर एका मुलीचा जीव अवलंबून आहे. आणि सुटका झाल्यावर त्याच माणसाच्या मरणास तो संमती देतो.

ह्याच कथेवरून संजय गुप्ता ह्यांनी मुंबईत ‘जज़्बा’ हा हिंदी चित्रपट काढला. तो ९ ऑक्टोबर २०१५ रोजी आला. ऐश्वर्या राय-बच्चन वकील झाल्या आणि शबाना आझमी मृत मुलीची आई. सांगाडा तोच राहिला, संदर्भ मात्र पालटला. त्याच वर्षी ३० जुलै रोजी नागपूर येथे याकूब मेमन ह्यास फाशी देण्यात आली होती. भारतीय प्रेक्षकाच्या दृष्टीने फाशी ही थांबलेली गोष्ट नव्हती. त्यामुळे आईची कृती येथे व्यवस्थेच्या पोकळीतून न येता केवळ बलात्काऱ्याविषयीच्या क्रोधातून येते. (ज्यूरीच्या बाबतीत तर प्रवास उलट दिशेचा झाला. मुंबईतील नानावटी खटल्यात १९५९ साली ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरविलेल्या आरोपीस उच्च न्यायालयाने दोषी ठरविले, आणि पुढे ती पद्धतच येथून नाहीशी झाली.)

सूड घेणाऱ्या आईच्या बाजूने मत देणाऱ्या प्रेक्षकांची सहानुभूती खोटी होती, असे म्हणता येणार नाही. पण ती एका गृहीतावर उभी होती. तो इसमच खुनी आहे हे चित्रपट शेवटी निःसंशय सांगतो. अशी खात्री कोणत्याही न्यायालयास लाभत नाही.

कोरियात खटल्याची मुदत डिसेंबर २००७ मध्ये २५ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली आणि जुलै २०१५ मध्ये खुनापुरती ती रद्दच झाली. ज्या ह्वासाँग हत्याकांडावर बोंग जून-हो ह्यांनी २००३ साली ‘मेमरीज ऑफ मर्डर’ काढला, त्याचा गुन्हेगार २०१९ मध्ये ओळखला गेला. त्याच्या बाबतीत मुदत २००६ सालीच संपून गेलेली होती. अन्य एका खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. आपण तो चित्रपट तुरुंगात पाहिला, आणि विशेष काही वाटले नाही, असे त्याने न्यायालयात सांगितले. ह्याच हत्यांपैकी आठव्या हत्येसाठी पोलिसांनी १९८९ साली दुसऱ्याच एका तरुणास पकडले होते. त्याने सुमारे २० वर्षे शिक्षा भोगली आणि डिसेंबर २०२० मध्ये तो निर्दोष ठरला. २००३ साली ५० लाखांहून अधिक लोक चित्रगृहात बसून खुनी कोण असावा ह्याची चर्चा करीत होते, तेव्हा खरा खुनी व तो निरपराध मनुष्य हे दोघेही तुरुंगात होते.